सगळ्या डिस्क वाजवणारा एकच प्लेअर: कसा निवडावा, कसा पारखावा

दिवाळीच्या साफसफाईत भिंतीतलं कपाट उपसलं, की अजूनही पुष्कळ मराठी घरांतून सारखाच ऐवज निघतो. मराठी नाटकांचे दोन-दोन, तीन-तीन व्हीसीडींचे संच. नाट्यसंगीताच्या आणि शास्त्रीय गायनाच्या सीड्या. शंभर-दीडशे भक्तिगीतं कोंबलेली एमपी३ची सीडी. सिनेमांच्या डीव्हीडी, फोटो स्टुडिओवाल्यानं दिलेली लग्नाची डीव्हीडी, आणि घरात कोणी शौकीन असेल तर थोड्या ब्लू-रे आणि एखाद-दुसरी सुपर ऑडिओ सीडी, म्हणजे एसएसीडी. आमच्याकडे यातलं सगळं निघालं. जुना डीव्हीडी प्लेअर बंद पडला होता, घरात पाच स्पीकर आणि सबवूफरचा बरा संच होता, टीव्ही फोर-के होता. एकच यंत्र घ्यावं आणि सगळं त्यात वाजावं, एवढीच इच्छा होती. ती पुरी करताना जे कळत गेलं, ते इथे मांडतो.

आधी 'युनिव्हर्सल' या शब्दाचं बघू. या शब्दाची कुठली ठरलेली व्याख्या नाही. हाय-फायच्या शौकिनांत त्याचा अर्थ असा रुळला: सीडी आणि डीव्हीडी तर वाजवायचीच, शिवाय एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ हे उंची आवाजाचे दोन प्रकारही वाजवायचे. पुढे त्यात ब्लू-रे आली, मग फोर-के ब्लू-रे. व्हीसीडीचं नाव या यादीत सहसा नसतं, कारण ही व्याख्या अमेरिका-युरोपात घडली आणि तिथे व्हीसीडी फारशी चाललीच नाही. आपल्याकडे मात्र तिचंच राज्य होतं. २००७च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला काढली, तेव्हा भाजी आणायला गेलेला माणूस येताना सिनेमा घेऊन येऊ लागला. म्हणून परदेशी यादीत 'सगळं वाजवतो' म्हणून गाजलेला प्लेअर आपल्या कपाटापुढे नापास होऊ शकतो. तेव्हा युनिव्हर्सल कशाला म्हणायचं, हे तुमच्या कपाटाने ठरवायचं. दुकानात जायच्या आधी कागद घ्या आणि कोणत्या प्रकारच्या किती डिस्क आहेत ते मोजा. हा अर्धा तास पुढचे बरेच पैसे वाचवतो.

डोळा, भाषा आणि परवाना

डिस्क वाजायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. यंत्राच्या डोळ्याला ती दिसली पाहिजे, त्यावर लिहिलेली भाषा यंत्राला कळली पाहिजे, आणि ती वाजवायची यंत्राला मुभा पाहिजे. डिस्क अडली, की यांतलं नेमकं काय अडलं हे ओळखता आलं तर निम्मा गोंधळ संपतो.

डोळा म्हणजे लेझर. मेकॅनिक ज्याला 'लेन्स' म्हणतात तोच भाग. या सगळ्या डिस्क १२ सेंटीमीटरच्या, दिसायला सारख्या, पण त्यांवरच्या ओळींची दाटी वेगळी. १९८२मध्ये बाजारात आलेल्या सीडीवर दोन ओळींत १.६ मायक्रॉनचं अंतर असतं. डीव्हीडीवर ते ०.७४ मायक्रॉन होतं आणि ब्लू-रेवर ०.३२. माणसाचा केस ७० मायक्रॉन जाड धरला, तर केसाच्या रुंदीत सीडीच्या चाळीसेक ओळी बसतात, डीव्हीडीच्या नव्वदेक आणि ब्लू-रेच्या दोनशेहून जास्त. ओळी जितक्या दाट, तितकं वाचणारं टोक बारीक लागतं. म्हणून सीडीला ७८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा लेझर, डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा लाल आणि ब्लू-रेला ४०५ नॅनोमीटरचा निळसर जांभळा. ब्लू-रे प्लेअरमध्ये हे तिन्ही लेझर असतात. डीव्हीडी प्लेअरमध्ये निळा नसतो, म्हणून तो ब्लू-रे कधीच वाचू शकणार नाही. कुठलंही सेटिंग किंवा अपडेट त्याला ती दृष्टी देणार नाही.

आता भाषा. सीडी, एमपी३ची सीडी आणि व्हीसीडी या तिन्ही डोळ्याच्या हिशेबाने एकच, सारख्याच दाटीच्या. फरक आत काय लिहिलंय याचा. सीडीवर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला, १६ बिटांचा आवाज असतो. व्हीसीडीवर एमपेग-१ पद्धतीने दाबून बसवलेलं चित्र असतं, आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. एका व्हीसीडीत तासा-सव्वा तासापलीकडे मावत नाही, म्हणून तीन अंकी नाटकाला दोन-तीन तबकड्या लागत. ब्लू-रे प्लेअरच्या डोळ्याला व्हीसीडी लख्ख दिसते. तरी कित्येक ब्लू-रे प्लेअर ती नाकारतात, कारण बनवणाऱ्याने त्या यंत्राला ती भाषा शिकवलेलीच नसते. कमी ताकदीचं यंत्र म्हणून ते अडत नाही. उलट साधा, स्वस्त डीव्हीडी प्लेअर व्हीसीडी आनंदाने वाजवतो, आणि त्याच्या दसपट किमतीचा फोर-के प्लेअर पडद्यावर 'ही डिस्क वाजवता येत नाही' असं लिहून मोकळा होतो.

एसएसीडीचं कोडं जरा वेगळं. सोनी आणि फिलिप्सने ती १९९९मध्ये आणली. तिच्यातला आवाज सीडीसारखा १६ बिटांच्या आकड्यांत नसतो. एकाच बिटाचा, पण सेकंदाला २८ लाखांहून जास्त वेळा घेतलेला असा तो असतो. या पद्धतीला डीएसडी म्हणतात. वाचणारा लेझर डीव्हीडीचाच, ६५० नॅनोमीटरचा, पण परवान्याशिवाय ती उघडता येत नाही आणि बहुतेक कंपन्या त्या वाटेला जात नाहीत. डीव्हीडी-ऑडिओ २०००मध्ये आली. तिच्यात दोन चॅनेलला २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झपर्यंत, पाच स्पीकरांना ९६ किलोहर्ट्झपर्यंत आवाज मावतो. दोघी एकाच गिऱ्हाइकासाठी भांडल्या. डीव्हीडी-ऑडिओ दहा वर्षं पुरी व्हायच्या आत जवळपास थांबली. एसएसीडी जपान आणि युरोपात अजून थोडी-थोडी निघते, मुख्यतः पाश्चात्त्य अभिजात संगीत आणि जॅझची.

वाजली म्हणजे वाजली असं नसतं

खरेदीत सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून थोडं थांबतो.

बऱ्याचशा एसएसीडी 'हायब्रिड' असतात. एकाच तबकडीत दोन थर: छापील बाजूला साध्या सीडीचा, मधे एसएसीडीचा. मधला थर असा केलेला असतो, की सीडीचा लेझर त्यातून आरपार जाऊन सीडीचा थर वाचतो आणि लाल लेझर त्याच थरावरून परततो. सोय म्हणून ही युक्ती अप्रतिम आहे. ती डिस्क कुठल्याही सीडी प्लेअरमध्ये, अगदी गाडीतही वाजते. पण त्यामुळेच दुकानदार डिस्क घालतो, गाणं सुरू होतं, 'बघा, एसएसीडी वाजतेय की' म्हणतो आणि आपण मान डोलावतो. वाजत असतो तो सीडीचा थर. डीव्हीडी-ऑडिओचंही तसंच. त्या डिस्कवर बहुधा साध्या डीव्हीडी प्लेअरसाठी दाबलेल्या आवाजाचा एक वेगळा भाग ठेवलेला असतो, तो कुठेही वाजतो. ज्यासाठी जास्त पैसे मोजले तो भाग बंदच राहतो.

ओळखायचं कसं? रिसीव्हरच्या, म्हणजे स्पीकर जोडलेल्या ॲम्प्लिफायरच्या, पुढच्या पट्टीवर काय उमटतं ते बघा. एसएसीडी खरोखर वाजत असेल तर तिथे 'डीएसडी' दिसेल, किंवा प्लेअरने रूपांतर करून पाठवलं असेल तर अनेक चॅनेलचा 'पीसीएम' (सीडीसारखा आकड्यांतला आवाज) आणि ४४.१ किलोहर्ट्झपेक्षा मोठा आकडा. प्लेअरच्या पडद्यावरही कोणता थर चालू आहे ते बहुधा लिहून येतं. अनेक स्पीकरांची एसएसीडी असेल तर मागच्या स्पीकरला कान लावा. तिथून सूर येत नसेल तर सेटिंगमध्ये 'सीडी' थर किंवा 'दोन चॅनेल' निवडलेलं असण्याचा संभव आहे.

दुसरी फसगत 'अपस्केलिंग'ची. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, की हा प्लेअर डीव्हीडी फोर-केमध्ये दाखवतो. पाल डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, फोर-के पडदा ३८४० बाय २१६० चा. म्हणजे पडद्यावरच्या दर वीस ठिपक्यांमागे डिस्कवर एकच ठिपका आहे, उरलेले यंत्राने अंदाजाने भरायचे. हे काम कोणीतरी करावंच लागतं, प्लेअरने नाही केलं तर टीव्ही करतो, आणि आजच्या चांगल्या टीव्हीतलं हे काम स्वस्त प्लेअरपेक्षा बऱ्याचदा उजवं असतं. तेव्हा केवळ या शब्दासाठी जादा पैसे देऊ नका. दोन्ही करून बघा, जे डोळ्यांना सुखावेल ते ठेवा.

व्हीसीडीला तर कुठलंच यंत्र फोर-के करू शकत नाही. तिथे एकच उपाय खरा: टीव्हीचा शार्पनेस खाली आणा आणि चित्र ४:३ या मूळ आकारात ठेवा. कितीतरी घरांत जुनी नाटकं रुंद ताणून बघितली जातात, नट-नट्या विनाकारण स्थूल दिसतात, आणि लोक दोष डिस्कला देतात. रिमोटवरचं एक बटण असतं ते.

पाल, एनटीएससी, रीजन आणि अमेरिकेहून येणारी बॅग

तिसरी गोष्ट मुभेची. डीव्हीडीसाठी जग वेगवेगळ्या रीजनमध्ये वाटलेलं आहे. अमेरिका १, ब्रिटन आणि जपान २, भारत ५. ब्लू-रेसाठी तीनच विभाग केले: अमेरिका आणि जपान ए, युरोप आणि ऑस्ट्रेलिया बी, भारत, चीन आणि रशिया सी. फोर-के ब्लू-रेला मात्र रीजन ठेवलंच नाही. ती कुठूनही आणा, कुठेही वाजते. आपल्याकडच्या पुष्कळशा डीव्हीडींवर रीजनचं बंधन घातलेलं नसतं, खोक्यामागे पृथ्वीगोलाच्या चिन्हात शून्य किंवा 'ऑल' लिहिलेलं असतं. परदेशी डिस्क घेताना ते चिन्ह बघायची सवय ठेवा.

न्यू जर्सीला किंवा कॅलिफोर्नियात नातलग असले, की प्लेअर तिकडून मागवायचा मोह होतोच. तिथे निवड जास्त असते आणि कधीकधी स्वस्तही पडतो. पण तीन गोष्टी अडतात. तिकडचा प्लेअर रीजन १ आणि रीजन ए चा. शिवाय अमेरिकेत विकले जाणारे कित्येक प्लेअर पाल डीव्हीडी घेतच नाहीत, फक्त एनटीएससी, म्हणजे तिकडच्या टीव्ही पद्धतीच्या, घेतात, आणि आपल्या कपाटात पाल डिस्क ढिगाने असतात. तिसरी गोष्ट विजेची. यंत्राच्या मागच्या पट्टीवर '१००-२४० व्होल्ट' असेल तर काळजी नाही. '१२० व्होल्ट' एवढंच असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये ते थेट लावलं की जळतं. मधे ट्रान्सफॉर्मर लावावा लागतो. हाच प्रश्न उलटाही येतो. इथून हौसेने पाठवलेली पाल डीव्हीडी तिकडच्या प्लेअरला कळत नाही आणि आत्याला वाटतं, की डिस्कच खराब निघाली. तिला संगणकावर लावून बघायला सांगा. पाल आणि एनटीएससीचा भेद संगणकाला आड येत नाही.

पालबद्दल एक गोष्ट गाण्याच्या माणसांसाठी सांगितल्याशिवाय राहवत नाही. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो, पाल २५ चित्रांची. सिनेमाची पाल डीव्हीडी बनवताना बहुधा सरळ २४ची २५ करतात, म्हणजे सिनेमा सुमारे चार टक्के भरभर पळतो. तीन तासांचा सिनेमा सातेक मिनिटं आधी संपतो. सोबत स्वरही चढतो, पेटीच्या एका पट्टीपेक्षा थोडा कमी. सीडीवरचं गाणं पेटीवर बरोबर धरता येतं आणि त्याच सिनेमाच्या डीव्हीडीवर तेच गाणं दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी लटकतं, ते यामुळे. कान चांगला असलेल्यांना याचा खरोखर त्रास होतो. ब्लू-रेवर सिनेमा बहुतेक २४ चित्रांनीच दिलेला असतो, तिथे सूर जागेवर असतो. नाटकाचं चित्रण मुळातच पाल व्हिडिओ कॅमेऱ्याने, २५ चित्रांनी केलेलं असेल तर त्यालाही ही बाधा नाही.

तुमचा रिसीव्हर काय म्हणतो

प्लेअरवर किती खर्च करायचा याचं उत्तर बहुतांशी रिसीव्हरकडे असतं, म्हणजे ज्या ॲम्प्लिफायरला स्पीकर जोडलेत त्याच्याकडे. त्याच्या मागे जाऊन एकदा बघा.

एचडीएमआयची जोडणी असेल आणि रिसीव्हर फार जुना नसेल, तर काम सोपं. एचडीएमआयमधून आवाज आकड्यांच्या रूपात जातो आणि आकड्यांचं आवाजात रूपांतर रिसीव्हर करतो. म्हणजे प्लेअरच्या आतली उंची ऑडिओ चिप, जिच्यासाठी महाग प्लेअर दुप्पट-तिप्पट किंमत लावतात, ती वापरलीच जात नाही. स्वस्त प्लेअर आणि महाग प्लेअर या जोडणीत जवळपास सारखाच आवाज पोचवतात. माझ्या मते होम थिएटरवाल्याने पैसे वाचवायची ही सगळ्यात मोठी आणि निर्धोक जागा आहे.

एचडीएमआय नसलेला जुना, पण दणकट रिसीव्हर असेल तर गणित बदलतं. ऑप्टिकल किंवा कोॲक्सिअल वायरीतून डॉल्बी डिजिटल, साधा डीटीएस (दोन्ही म्हणजे अनेक स्पीकरांचा दाबलेला आवाज) आणि दोन चॅनेलचा आवाज जातो, म्हणजे डीव्हीडीचं काम भागतं. ब्लू-रेवरचे न दाबलेल्या आवाजाच्या तोडीचे डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ त्या वायरीत मावत नाहीत, आणि एसएसीडीला तर त्या वायरीची परवानगीच नाही. अशा वेळी सहा किंवा आठ ॲनालॉग आरसीए पिना बाहेर काढणारा प्लेअर लागतो, त्याच्या आतली चिप चांगली लागते आणि किंमतही चढते. इथे मी प्लेअरऐवजी सेकंडहँड एचडीएमआयवाला रिसीव्हर बघेन. तो पुढेही उपयोगी पडतो.

एक मधली अवस्थाही असते. रिसीव्हरला एचडीएमआय आहे, पण तो फोर-केच्या आधीचा आहे. फोर-के डिस्कला एचडीसीपी २.२ नावाचं संरक्षण लागतं, आणि जुना रिसीव्हर मधे आला की चित्र पूर्ण फोर-केमध्ये येत नाही किंवा येतच नाही. यासाठी काही प्लेअरना दोन एचडीएमआय जोडण्या असतात. एक थेट टीव्हीला, दुसरी फक्त आवाजासाठी रिसीव्हरला. ही सोय मागून घ्या, तिच्यामुळे जुना रिसीव्हर आणखी काही वर्षं चालतो.

एसएसीडीबद्दल एक बारकावा. डीएसडी तसाच रिसीव्हरला पाठवला, तर काही रिसीव्हर त्याच्यावर स्पीकरांच्या अंतराचा आणि सबवूफरच्या वाटणीचा हिशेब लावत नाहीत, किंवा आत त्याचं पीसीएम करून मग लावतात. मोठे स्पीकर नसतील आणि खर्ज सबवूफरवर अवलंबून असेल, तर प्लेअरमध्येच 'पीसीएम' निवडलेलं बरं. डीएसडीचा दिवा लागलेला बघून आनंद होतो खरा, पण कानाला खर्ज मिळणं जास्त महत्त्वाचं.

नावानिशी

युनिव्हर्सल प्लेअर म्हटलं, की जाणकार अजून ओप्पो डिजिटलचं नाव काढतात. २००९चा बीडीपी-८३ आणि पुढचा यूडीपी-२०३ यांनी सीडी, डीव्हीडी, एसएसीडी, डीव्हीडी-ऑडिओ आणि ब्लू-रे एका डब्यात आणल्या. यूडीपी-२०३ने फोर-केही. त्याची अमेरिकेतली किंमत ५४९ डॉलर होती. एप्रिल २०१८मध्ये कंपनीने हा धंदा आवरायचं जाहीर केलं. आता ते सेकंडहँड बाजारात मिळतात आणि मूळ किमतीपेक्षा महाग मागितले जातात. यंत्र उत्तम होतं याबद्दल शंका नाही, पण लेझर झिजणारा भाग आहे, सुटे भाग दुर्मिळ आहेत, आणि शीर्षकातला नसला तरी 'परवडणारा' हा शब्द आपल्या शोधात पहिला आहे. मी त्या किमतीला घेणार नाही.

सॅमसंगने या प्रकारातून अंग काढून घेतलं आहे, त्यामुळे निवड आता आखूड आहे. सोनीचा यूबीपी-एक्स८००एम२ हा २०१९चा प्लेअर आजच्या काळातला खराखुरा युनिव्हर्सल म्हणता येईल असा आहे: फोर-के, ब्लू-रे, डीव्हीडी, सीडी, एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ, शिवाय दोन एचडीएमआय. त्याचा धाकटा भाऊ यूबीपी-एक्स७०० आणखी स्वस्त, त्यातही एसएसीडी वाजते. दोघांतही अनेक चॅनेलच्या ॲनालॉग पिना नाहीत, म्हणजे रिसीव्हरला एचडीएमआय हवंच. पॅनासॉनिकचा डीपी-यूबी८२० चित्रात फार सुंदर आहे आणि त्याला ॲनालॉग पिनाही आहेत, पण एसएसीडी तो वाजवत नाही. सिनेमा आधी आणि गाणी नंतर, असं ज्यांचं घर, त्यांनी तो बघावा.

घरात मुलांसाठी प्लेस्टेशन ५ डिस्कवाला असेल, तर तो फोर-के ब्लू-रे, ब्लू-रे आणि डीव्हीडी वाजवतो, हे बऱ्याच पालकांच्या लक्षात नसतं. मग वेगळा प्लेअर कशाला, असं वाटेल. पण साधी ऑडिओ सीडी तो वाजवत नाही, एसएसीडीही नाही. नाट्यसंगीताच्या सीड्या हाच ज्यांचा ठेवा, त्यांच्या तो कामाचा नाही.

आता माझं मत. कपाटात व्हीसीडी बऱ्याच असतील, तर एकाच यंत्राचा हट्ट सोडा. दोन घ्या. एक फोर-के ब्लू-रे प्लेअर, एसएसीडीसकट, जो परवडेल तो. दुसरा साधा डीव्हीडी प्लेअर, फक्त व्हीसीडी, एमपी३ आणि हट्टी, ओरखडे पडलेल्या डिस्कांसाठी. दोघांची किंमत मिळून एका 'सगळं वाजवणाऱ्या' उंची प्लेअरपेक्षा खूपच कमी होते. जुने डीव्हीडी प्लेअर लोक भंगारात देतात. नातेवाइकांत विचारलं तरी एखादा फुकट मिळतो. नवीन टीव्हीला पिवळी-लाल-पांढरी पिन बसते का ते मात्र आधी बघून ठेवा. काही टीव्हींना त्यासाठी छोटी जोडवायर लागते आणि काहींना ती सोयच नसते. तशा वेळी एचडीएमआयवाला डीव्हीडी प्लेअर शोधा.

दुकानात डिस्क घेऊन जा

पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत जा किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पिशवीत स्वतःच्या डिस्क असू द्या. दुकानातल्या डेमो डिस्कवर कुठलंही यंत्र चांगलंच वागतं. सोबत घ्या: थोडे ओरखडे पडलेली व्हीसीडी, एमपी३ची सीडी, लग्नाची डीव्हीडी, पूर्ण लांबीच्या सिनेमाची डीव्हीडी, एक ब्लू-रे आणि असेल तर एसएसीडी. लग्नाची डीव्हीडी मुद्दाम, कारण ती कारखान्यात छापलेली नसते, घरी किंवा स्टुडिओत 'बर्न' केलेली असते. तिच्यावरून प्रकाश कमी परततो, म्हणून लेझर थकलेला असला, की पहिली तीच अडते. सेकंडहँड यंत्राची याहून चांगली परीक्षा नाही.

प्रत्येक डिस्क सुरुवातीला वाजली म्हणून थांबू नका. शेवटाकडे न्या. एका थराची डिस्क आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे कडेची डळमळ तिसऱ्या अंकातच कळते. मोठी डीव्हीडी दोन थरांची असते. मध्यावर थर बदलताना चित्र क्षणभर थबकतं, ते चालेल. पाच-सहा सेकंद थिजलं, तर लेन्स संशयास्पद. ट्रे चार-पाचदा उघडमीट करा. अडकत असेल तर बहुतेक वेळा आतला रबरी बेल्ट सैल झालेला असतो आणि तो बदलणं स्वस्तातलं काम आहे, भावात घासाघीस करायला उपयोगी. लेन्स गेलेली असेल तर मात्र सोडून द्या. आणि यंत्राचं माहितीपुस्तक कंपनीच्या संकेतस्थळावरून आधीच उतरवून घ्या. त्यात 'वाजणाऱ्या डिस्क' असा तक्ता असतो. व्हीसीडी, एसएसीडी, डीव्हीडी-ऑडिओ, पाल यांपैकी जे तुम्हाला हवं ते त्या तक्त्यात नसेल, तर दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

यंत्र घरी आल्यावर दोन सेटिंग हमखास तपासा. आवाज 'बिटस्ट्रीम' (म्हणजे डिस्कवरचा आवाज न उलगडता तसाच रिसीव्हरकडे) किंवा 'ऑटो'वर ठेवा आणि 'बीडी ऑडिओ मिक्स' किंवा 'सेकंडरी ऑडिओ' नावाचं जे काही असेल ते बंद करा. ते चालू राहिलं, की ब्लू-रेचा चांगला आवाज दाबून पाठवला जातो आणि रिसीव्हरवर ॲटमॉसचं, म्हणजे डॉल्बीच्या वरूनही आवाज देणाऱ्या पद्धतीचं, नाव काही केल्या उमटत नाही.

आणि त्या लग्नाच्या डीव्हीडीचं

प्लेअर कोणताही घ्या, हे काम त्याच्याही आधी करा. बर्न केलेल्या डिस्कमध्ये माहिती एका रंगद्रव्याच्या थरात असते आणि ते द्रव्य उन्हाने, उष्णतेने हळूहळू विटतं. छापील डीव्हीडी बंद कपाटात वर्षानुवर्षं टिकेल. बर्न केलेलीचा भरवसा नाही. संगणकाला डीव्हीडी ड्राइव्ह नसेल तर यूएसबीवर चालणारी मिळते. व्हीसीडी संगणकात घातली, की 'एमपीईजीएव्ही' नावाच्या फोल्डरात शेवटी 'डॅट' असलेली फाइल दिसते. ती हार्ड डिस्कवर उतरवली आणि व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडली, की नाटक सुरू. लग्नाच्या डीव्हीडीतलं 'व्हिडिओ_टीएस' नावाचं फोल्डर सगळंच्या सगळं उतरवून ठेवायचं. स्टुडिओच्या जुन्या डिस्कपैकी एखादी कुठेच उघडत नसेल, तर ती शेवटी 'फायनलाइझ' केलेली, म्हणजे लिहून झाल्यावर इतर यंत्रांना वाचता येईल अशी पक्की केलेली, नसण्याची शक्यता असते. ज्या रेकॉर्डरवर ती बनली तो असेल तर त्यातच घालून ते करून घेता येतं.

डिस्क पुसताना मऊ सुती कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून कधीही नको. गोल ओरखडा ओळीच्या दिशेने जातो आणि लांबलचक मजकूर खातो, आडवा ओरखडा बऱ्याचदा यंत्र सावरून घेतं. सीडीच्या आणि व्हीसीडीच्या छापील बाजूवर पेनने नाव लिहू नका, कारण माहितीचा थर त्या बाजूला, शाईच्या लगेच खाली असतो. डीव्हीडीत तो तबकडीच्या मधोमध असतो. आमच्या मावशीकडच्या व्हीसीडींवर नाटकांची नावं बॉलपेनने कोरून लिहिलेली होती. त्यांतल्या दोन नेमक्या त्या अक्षरांखालीच अडकतात. बाकीच्या सगळ्या आता उतरवून झाल्या आहेत.